मुंबईतल्या फ्लॅटमध्ये रोज सायंकाळी शॉर्टवेव्ह बुडवणारी घरघर : कारण कसे शोधावे आणि उपाय कसा करावा

शॉर्टवेव्ह ऐकण्याचा छंद नव्याने लागलेल्या मुंबईकरांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. रेडिओ नवा असतो, दुपारी त्यावर दोन-चार परदेशी स्टेशने बरी लागतात, आणि सायंकाळचे सात वाजले की, जेव्हा खरे तर सर्वांत जास्त स्टेशने ऐकू यायला हवीत, नेमकी तेव्हा 49, 41 आणि 31 मीटरच्या पट्ट्यांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाड घरघर पसरते. आवाज वाढवला की घरघरही वाढते. एरियल पूर्ण बाहेर ओढली तरी फरक पडत नाही. दोन-तीन आठवडे हेच चालले की माणूस रेडिओला दोष देतो, तो दुकानात परत नेतो किंवा कपाटात ठेवून देतो आणि छंद सुरू होण्याआधीच संपतो. माझ्या ओळखीत असे तीन रेडिओ कपाटात गेले आणि तिन्ही रेडिओ निर्दोष होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मुंबईच्या इमारतीत शॉर्टवेव्ह ऐकू न येण्याचे कारण बहुधा रेडिओची संवेदनशीलता कमी असणे हे नसते, तर घरातल्या आणि शेजारच्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट हे असते. हा गोंगाट शोधून कमी केल्याशिवाय महागडा रेडिओ किंवा लांब एरियल घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे आहे.

हे पूर्वी असे नव्हते. गिरगाव-परळच्या चाळींतून घरात आडवी बांधलेली तांब्याच्या जाळीची पट्टी आणि तिला जोडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ एवढ्यावर रेडिओ सिलोन रोज ऐकले जात असे, कारण त्या घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू म्हणजे तारेचे बल्ब, एखादा पंखा आणि इस्त्री. यांतले काहीही सतत रेडिओलहरी बाहेर टाकत नव्हते. आजच्या दोन खोल्यांच्या घरात वीस ते तीस छोटे वीजपुरवठे असतात : एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर, वायफाय राउटर, टीव्ही, इंडक्शनची शेगडी. या प्रत्येकाच्या आत वीज सेकंदाला हजारो, कधी लाखभर वेळा चालू-बंद केली जाते, त्यातून मूळ कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) पटीतल्या असंख्य लहरी निर्माण होतात आणि त्या थेट शॉर्टवेव्हच्या 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या हद्दीत येऊन पडतात. चांगल्या बनावटीच्या उपकरणात हा गोंगाट आतच अडवणारा फिल्टर असतो. स्वस्त उपकरणात किंमत कमी करताना सर्वांत आधी तोच गाळला जातो. भिंतीतल्या वायरी मग एरियलसारख्या वागतात आणि सगळ्या घरभर हा गोंगाट नेऊन पोहोचवतात.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

घरघर शोधायला लागण्यापूर्वी दोष खरोखर घरघरीचाच आहे ना, हे ठरवले पाहिजे, कारण स्टेशन न लागण्याची आणखी दोन साधी कारणे आहेत आणि नवा श्रोता त्यांत हमखास गोंधळतो.

पहिले कारण वेळापत्रक. शॉर्टवेव्ह केंद्रांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, आणि त्या दिवशी केंद्र आपली कंप्रता बदलते, वेळ बदलते किंवा एखादे प्रक्षेपण बंदच करते. शिवाय वेळा जागतिक प्रमाणवेळेत दिलेल्या असतात. त्यांत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. 1430 असे लिहिले असेल तर ते आपल्याकडचे रात्रीचे आठ. अडीच वाजता दुपारी रेडिओ लावून बसलेले दोघे जण मला ठाऊक आहेत. जुन्या याद्यांवरही विसंबू नये. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवा जानेवारी 2020 च्या अखेरीस बंद झाली, तरी तिच्या कंप्रता अजून ठिकठिकाणी छापलेल्या सापडतात आणि नवा माणूस त्या शोधत राहतो.

दुसरे कारण आकाश. शॉर्टवेव्हच्या लहरी जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवरच्या आयनांबरात, म्हणजे हवेच्या विद्युतभारित थरांत, वळून परत खाली येतात, म्हणूनच त्या समुद्र ओलांडतात. दिवसा त्या थरांच्या तळाशी असलेला एक खालचा थर कमी कंप्रतेच्या, म्हणजे मीटरचा आकडा मोठा असलेल्या, लहरी गिळून टाकतो, म्हणून भर दुपारी 49 मीटरवर लांबचे काही शोधू नये. त्या वेळी 19 आणि 16 मीटर पाहावेत. सूर्य मावळला की तो खालचा थर विरतो आणि 49, 41, 31 मीटर खुलतात. मुंबईत सूर्यास्त डिसेंबरच्या सुरुवातीस सहाच्या सुमारास आणि जुलैच्या सुरुवातीस सव्वासातनंतर होतो, म्हणजे एकाच पट्ट्याची चांगली वेळ वर्षभरात तासाभराहून अधिक सरकते. सूर्यावर मोठा स्फोट झाला तर दिवसा काही मिनिटे ते तासभर सगळा पट्टा मुका होऊ शकतो. इथे एक खूण लक्षात ठेवावी. आकाशाचा दोष असेल तेव्हा रेडिओ शांत होतो, नुसती बारीक सुस्कार ऐकू येते. घराचा दोष असेल तेव्हा रेडिओ गोंगाट करतो.

पावसाळ्याच्या आधी आणि ऑक्टोबरमध्ये विजांचा कडकडाटही रेडिओवर येतो, पण तो अनियमित असतो. कडाड, मग शांतता, मग पुन्हा कडाड. त्याला इलाज नाही. आपण ज्या घरघरीबद्दल बोलत आहोत ती एकसुरी असते, न थांबता चालते आणि रोज जवळपास त्याच वेळी सुरू होते.

वेळापत्रक, आकाश आणि घर या तिन्हींचा निवाडा करायला माझ्याकडे एक सोपी कसोटी आहे. चीनच्या शाआन्शी प्रांतातून बीपीएम हे वेळ सांगणारे केंद्र 5000 आणि 10000 किलोहर्ट्झवर चोवीस तास चालते आणि बहुतेक वेळ दर सेकंदाला एक टिक देते. त्याला हंगाम नाही, कार्यक्रम नाहीत, त्यामुळे वेळापत्रक चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. रात्री नऊच्या सुमारास रेडिओ 10000 वर लावावा, मग 5000 वर. सेलवर चालणारा रेडिओ घेऊन इमारतीबाहेर, शक्यतो मैदानात किंवा समुद्रकिनारी जाऊन टिकटिक ऐकावी आणि तीच घरात येऊन ऐकावी. बाहेर स्पष्ट आणि घरात घरघरीखाली गाडलेली असेल, तर रेडिओ चांगला आहे, आकाश चांगले आहे आणि दोष तुमच्या भिंतींच्या आत आहे. बाहेरही काहीच नसेल तर त्या रात्रीपुरता निष्कर्ष काढू नये; दोन-तीन रात्री पुन्हा पाहावे.

दर्शकावरचे दोन आकडे

हल्ली मिळणाऱ्या टेकसनसारख्या अनेक डिजिटल रेडिओंवर पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतात. पहिला आकडा एरियलवर किती ताकद येते ते सांगतो, दुसरा आकडा त्या ताकदीत कामाचा भाग गोंगाटाच्या तुलनेत किती आहे ते सांगतो. नवा श्रोता पहिल्या आकड्याकडे पाहून खूश होतो. मीही सुरुवातीला दहा मीटर वायर खिडकीच्या ग्रीलवरून फिरवून रेडिओला जोडली होती. 31 मीटरवरच्या एका स्टेशनाचा पहिला आकडा 18 वरून 41 वर गेला आणि मला वाटले काम झाले. पण दुसरा आकडा 6 होता तो 5 झाला. याचा अर्थ वायरीने स्टेशन जेवढे आणले, त्याहून जास्त घरघर आणली, कारण ती वायर बाहेर नव्हतीच, ती घरातल्या वायरिंगपासून हातभर अंतरावर, लोखंडी ग्रीलला लगटून होती. त्या रात्रीपासून मी फक्त दुसऱ्या आकड्याकडे पाहतो. तुम्ही जो काही उपाय कराल, त्याने दुसरा आकडा वाढला तरच तो उपाय. ज्या रेडिओवर असे आकडे नाहीत तिथे कानावर विश्वास ठेवावा आणि स्टेशनचा आवाज वाढला का हे न पाहता, बोललेले शब्द अधिक कळतात का, एवढेच पाहावे.

मेन स्विचची परीक्षा

ही परीक्षा सायंकाळी, घरघर जोरात असतानाच करावी. सकाळी केली तर काहीच कळणार नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवावे, संगणकावरचे काम वाचवून तो बंद करावा आणि कोणाचे वैद्यकीय उपकरण विजेवर चालत असेल तर ही परीक्षा त्या घरात करू नये. हातात टॉर्च ठेवावा.

रेडिओत सेल घालावेत, चार्जरची वायर काढून टाकावी. जिथे एकही स्टेशन नाही पण घरघर आहे अशी रिकामी जागा, समजा 9350 किलोहर्ट्झच्या आसपास, शोधावी आणि रेडिओ तिथे स्थिर ठेवावा. मग दरवाज्याजवळच्या डीबीपाशी, म्हणजे विजेच्या खटक्यांच्या पेटीपाशी, उभे राहून आधी मुख्य एमसीबी, म्हणजे सगळ्या घराची वीज तोडणारा खटका, खाली पाडावा. घरघर एकदम नाहीशी झाली तर दोष तुमच्या घरात आहे. थोडी कमी झाली तर काही तुमच्या घरात, काही बाहेर. काहीच बदलले नाही तर दोष पूर्णपणे बाहेरचा. या एका कृतीने अर्धे काम होते आणि तरीही ती कोणी करत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

घरात इन्व्हर्टर असेल तर एक सावधगिरी हवी. मेन पाडला की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि तो स्वतःच जबरदस्त गोंगाट करतो, म्हणून आधी इन्व्हर्टरचा खटका बंद करावा, मग मेन. हे लक्षात न आल्यामुळे मुलुंडच्या एका मित्राने दोष बाहेरचा समजून महिनाभर सोसायटीच्या मागे लकडा लावला होता.

आता मुख्य एमसीबी पुन्हा वर करून बाकीचे एकेक करून पाडावेत. माझ्या घरी पहिले तीन पाडले तेव्हा काहीच झाले नाही, हॉलचा पाडला आणि रेडिओ असा शांत झाला की मला क्षणभर रेडिओच बंद पडल्यासारखे वाटले. मग त्या शांततेतून हळूहळू एका बाईचा अरबीतला आवाज वर आला. हॉलमध्ये सहा वस्तू जोडलेल्या होत्या. एकेक प्लग उपटत गेलो. टीव्ही उपटला, फरक नाही. राउटर उपटला, किंचित फरक. सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर उपटला आणि घरघर गेली. तो ॲडॉप्टर अंगठ्याएवढा, हाताला कोमट, वजनाला इतका हलका की आत काही असेल असे वाटू नये. त्याचा खटका रोज सायंकाळी सात वाजता मालिकांसाठी चालू होत होता आणि रात्री अकराला बंद होत होता; माझ्या घरघरीच्या वेळाही त्याच होत्या.

प्लग उपटणे आणि रिमोटने बंद करणे यांत फरक आहे, हेही इथेच सांगतो. रिमोटने बंद केलेला टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स आतून जागाच असतो आणि त्याचा वीजपुरवठा चालूच राहतो. परीक्षा घेताना प्लग उपटूनच घ्यावी.

आवाजाच्या जातीवरूनही अंदाज बांधता येतो. पंख्याच्या काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा आवाज जाड, मधमाशीसारखा असतो आणि पंख्याचा वेग बदलला की तोही बदलतो. असा रेग्युलेटर काढून पाच टप्प्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला की तो त्रास जातो आणि खर्चही फार नसतो. एलईडी दिव्यांचा आणि ॲडॉप्टरचा आवाज डायलवर सगळीकडे सारखा नसतो, तो काही दहा किलोहर्ट्झच्या अंतराने पुन्हा पुन्हा फुगतो आणि मध्ये ओसरतो, आणि ॲडॉप्टर गरम होत जाईल तसतसे हे फुगवटे हळूहळू सरकतात. इंडक्शनच्या शेगडीचा आवाज ठोक्याठोक्याने येतो. लिफ्टचा आवाज लिफ्ट हलते तेव्हाच येतो आणि मजल्यावर थांबली की थांबतो.

दोष शेजारचा असेल तर

मेन पाडूनही घरघर राहिली तर रेडिओ घेऊन जिन्यात यावे. एरियल पूर्ण आत ढकलावी, म्हणजे रेडिओ जवळचेच तेवढे ऐकेल, आणि भिंतीजवळून, मीटरबॉक्सजवळून, पॅसेजच्या दिव्याखालून हळूहळू चालावे. जिथे घरघर वाढत जाते तिकडे उगम. मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) हे आणखी सोपे जाते, कारण तिथे रेडिओच्या आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी काम करते आणि ती दिशा दाखवते : रेडिओ सपाट धरून गोल फिरवला की एका कोनात गोंगाट एकदम पडतो, त्या वेळी कांडीचे टोक उगमाकडे असते. दोन वेगवेगळ्या जागांवरून हा कोन घेतला की उगमाची जागा बरीचशी ठरते.

माझ्याकडे सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर बदलल्यावर चार महिने सुख होते, मग घरघर पुन्हा आली. या वेळी ती पॅसेजमधून येत होती, आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या दारांमधल्या नव्या एलईडी ट्यूबमधून. रात्री आठला रेडिओ कानाशी धरून त्यांच्या दारात उभा असलेला पाहून काकू बाहेर आल्या.

"काय रे, काय झालं?"

"काकू, दोन मिनिटं ही ट्यूब बंद करून बघू का?"

"कर की. विचारतोस काय? पण ऐकतोयस काय तू?"

ट्यूब बंद केली, तसे चिनी संगीत स्वच्छ ऐकू आले. काकूंनी खुर्ची बाहेर आणली आणि तो कार्यक्रम आम्ही दोघांनी पॅसेजच्या अंधारात बसून ऐकला. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या बनावटीची ट्यूब आणून बसवली. शेजाऱ्याकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नये. तुमचा दिवा खराब आहे, असे म्हटले की दार बंद होते. रेडिओ त्यांच्या हातात दिला आणि खटका त्यांनाच दाबायला लावला की त्यांना स्वतःलाच फरक ऐकू येतो. नवा दिवा विकत घ्यायची तयारी आपण ठेवावी. सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलतानाही हाच मार्ग बरा.

उपाय : बदला, दूर न्या, अडवा

उगम सापडला की सर्वांत चांगला उपाय तो बदलणे हाच. ॲडॉप्टर घेताना तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा अधिक अँपिअरचा घ्यावा. शक्य तिथे हातात वजन घेऊन पाहावे. फिल्टरला लागणारी कॉइल आणि कपॅसिटर यांना वजन असते, त्यामुळे फारच हलक्या ॲडॉप्टरवर माझा विश्वास नाही. दिवे एकदम डझनभर घेऊ नयेत. आधी एक आणावा, लावावा, त्याच्यापासून हातभर अंतरावर रेडिओ धरून सगळे पट्टे फिरून पाहावेत आणि मगच बाकीचे आणावेत.

बदलता येत नसेल तर अडवावे. लॅमिंग्टन रोडवर क्लिप लावायचे फेराइट कोअर मिळतात आणि जुन्या मॉनिटरच्या केबलवर दिसणारी ती फुगीर गाठही तीच वस्तू असते. मात्र वायरीवर एक क्लिप नुसती चढवून फार काही होत नाही. कोअरच्या आतून वायर जितक्या वेळा जाईल, त्याच्या वर्गाच्या पटीत अडथळा वाढतो. पाच वेढे दिले तर सुमारे पंचवीस पट. म्हणून छोट्या क्लिपपेक्षा मोठ्या भोकाचा कोअर घ्यावा, ज्यातून ॲडॉप्टरची वायर पाच-सहा वेळा फिरवता येईल, आणि तो गोंगाट करणाऱ्या वस्तूच्या अगदी जवळ बसवावा, रेडिओच्या जवळ नव्हे. शॉर्टवेव्हसाठी 31 क्रमांकाच्या मिश्रणाचे कोअर सर्वांत उपयोगी पडतात. दुकानदाराला मिश्रण सांगता येत नसेल तर एकच विकत घेऊन घरी पाहावे. फायबरची इंटरनेटची वायर स्वतः गोंगाट करत नाही, काच आहे ती. पण तिच्या टोकाच्या डब्याचा ॲडॉप्टर आणि तिथून संगणकाकडे जाणारी तांब्याची केबल दोन्ही करतात, त्या दोन्हींवर कोअर लावावा.

रेडिओ ऐकताना तो शक्यतो सेलवरच चालवावा. सोबत आलेला किंवा मोबाईलचा चार्जर लावून ऐकणे म्हणजे गोंगाट थेट रेडिओच्या पोटात सोडणे. प्लगच्या तिसऱ्या पिनचे अर्थिंग रेडिओला जोडण्याचा सल्लाही काही जण देतात, तो मानू नये. इमारतीच्या त्या अर्थिंगवर सगळ्या मजल्यांचा गोंगाट असतो आणि वायरिंग सदोष असेल तर शॉकचाही धोका असतो.

एरियल लांब नको, वेगळी हवी

सिमेंट आणि लोखंडी सळयांच्या इमारतीत बाहेरच्या लहरी कमी शिरतात, त्यात खिडकीला लोखंडी ग्रील आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या चौकटी. रेडिओ पलंगापासून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला तरी मोठा फरक पडतो. गच्चीवर परवानगीने वायर टाकता आली तर उत्तम, मात्र ती लिफ्टच्या खोलीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर असावी, आणि आभाळात गडगडाट सुरू होण्यापूर्वी रेडिओपासून काढून टाकावी. पावसाळ्यात मी ती चार महिने जोडतच नाही.

ज्यांना गच्ची नाही, म्हणजे बहुतेक सर्वांनाच, त्यांच्यासाठी वेटोळे एरियल, म्हणजे लूप, हा माझ्या अनुभवात सर्वांत परिणामकारक उपाय आहे. घरातला गोंगाट जवळून बहुतांशी विद्युत क्षेत्राच्या रूपात येतो आणि लूप चुंबकीय क्षेत्र पकडते, त्यामुळे ती गोंगाट मुळातच कमी ऐकते. शिवाय ती फिरवता येते आणि गोंगाटाचा उगम तिच्या अक्षाच्या रेषेत आणला की तो बराच दबतो. लांबून आकाशातून येणारे स्टेशन मात्र त्याने तेवढे दबत नाही, कारण ते उंच कोनातून उतरते. ही लूप घरी करता येते. सुमारे दोन मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर सव्वातीन मीटर घ्यावी, एक मीटर व्यासाचे एकच वेटोळे प्लास्टिकच्या नळीच्या किंवा लाकडी क्रुसावर ताणावे आणि दोन्ही टोके जुन्या रेडिओतल्या, सुमारे 500 पिकोफॅरडच्या गँग कंडेन्सरला, म्हणजे स्टेशन लावण्यासाठी फिरवायच्या कंडेन्सरला, जोडावीत. असा गँग चोर बाजारात मोडक्या रेडिओत मिळतो, लॅमिंग्टन रोडवरही शोधल्यास मिळतो. ही लूप साधारण 4 ते 14 मेगाहर्ट्झ लावता येते, म्हणजे सायंकाळचे सगळे महत्त्वाचे पट्टे त्यात आले. आतल्या बाजूस वीस सेंटिमीटर व्यासाचे दुसरे छोटे वेटोळे टाकून त्याची टोके रेडिओच्या बाहेरच्या एरियलच्या सॉकेटला द्यावीत. सॉकेट नसेल तर रेडिओ नुसता लूपजवळ, एरियल लूपच्या समांतर ठेवून पाहावा. मग गँगचा खुंटा अगदी हळू फिरवावा. योग्य जागी आला की स्टेशन उसळून वर येते आणि केसाएवढा पुढे गेला की बसते. तीच लूप बरोबर लागल्याची खूण. प्रत्येक वेळी स्टेशन बदलताना खुंटाही फिरवावा लागतो, एवढाच त्रास.

उत्तर उपनगरांतल्या श्रोत्यांसाठी एक वेगळी सूचना. मालाडच्या मालवणी भागात आकाशवाणीचे शक्तिशाली ट्रान्समीटर आहेत आणि त्यांच्या जवळपास राहणाऱ्यांच्या साध्या रेडिओत लांब एरियल जोडली की एकच मध्यम लहरींचा कार्यक्रम शॉर्टवेव्हवर जागोजागी ऐकू येऊ लागतो. ती घरघर नव्हे, रेडिओ त्या ताकदीखाली गुदमरतो. एरियल आखूड करावी, रेडिओवर लोकल (जवळचे) आणि डीएक्स (लांबचे) असा खटका असेल तर तो लोकलवर ठेवावा, किंवा वरची लूप वापरावी, कारण ती एकाच कंप्रतेला लागलेली असते आणि बाकीच्यांना आत येऊ देत नाही. स्वस्त रेडिओत आणखी एक फसगत होते : जोरदार स्टेशन आपल्या खऱ्या जागेच्या 910 किलोहर्ट्झ खालीही प्रतिमेच्या रूपात ऐकू येते. एखादे स्टेशन भलत्याच जागी सापडले तर 910 मिळवून वर पाहावे. तिथे तेच अधिक स्पष्ट लागले तर खालचे खोटे.

घरघर परत का येते

एकदा घर शांत केले की काम कायमचे संपत नाही. इमारतीत रोज कोणीतरी नवा दिवा लावतो. गणपतीत आणि दिवाळीत खिडक्यांतून सोडलेल्या एलईडीच्या माळा पंधरा दिवस सगळा पट्टा भरून टाकतात. त्या काळात मी पहाटे साडेचार ते सहा या वेळेत ऐकतो, तेव्हा माळा बंद असतात आणि पश्चिमेकडे अजून रात्र असते. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेने मुंबईत धातूचे जोड फार लवकर हिरवे पडतात : एरियलचा सॉकेट, सेलच्या स्प्रिंगा, लूपचे सांधे. एरियल हलवली की खरखर होत असेल तर दोष हाच. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन ते जोड पुसावेत, लूपचे सांधे डाख देऊन पक्के करावेत आणि पावसाळ्याआधी व नंतर एकदा तपासावेत. रेडिओ महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत.

मी एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, कंप्रता, दुसरा आकडा आणि घरघर कशी होती, एवढेच तिच्यात लिहितो. सेट-टॉप बॉक्स आणि पॅसेजची ट्यूब ही दोन्ही कारणे मला त्या वहीतल्या वेळांनीच सापडली. सध्या तिच्यात एक नोंद पुन्हा पुन्हा येते आहे : रात्री दहा वाजून पाच ते दहा मिनिटे, 41 मीटर, ठोक्याठोक्याने येणारा आवाज, वीस मिनिटे. मेन पाडून पाहिला, आमच्या घरातला नाही. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी रात्री दूध तापवत असावे. उद्या दहाला रेडिओ घेऊन खाली जाणार आहे.